नंबर तोच राहील

रोशन बोरकुटे चपला बाहेर काढून आत आला,
खांद्यावर पिवळ्या वायरचं वेटोळं, हातात पांढरा डबा.
म्हणाला, काकू, महिन्याचे ठरलेले पैसे, मग बोला किती बोलायचं ते,
अन् नंबर तोच राहील.

नंबर.
तो मिलच्या भिंतीवर आहे निळ्या ऑइलपेंटात,
शेवटच्या पाचाला पेंटरनं शेपूट जरा जास्तच लांब दिलेलं.
बारदान्यावर छापलेला आहे.
सिंदेवाहीपासून नागभीडपर्यंत
ज्याच्या बांधीत धान, त्याला तो पाठ.
ह्यांची तेरवी झाली त्या दिवशीही तीनदा वाजला:
भरडाई सुरू आहे का जी?
मी म्हटलं, सोमवारपासून.

जुन्याची बाजू घ्यायला मला फार काही सुचेना.
पावसाळ्यात खरखर करतो,
लाइनीत कोणी तांदूळ पाखडत बसल्यासारखा.
मागच्या साली रस्ता खोदला तेव्हा सोळा दिवस मुका होता.
प्रणिता हैदराबादहून म्हणते,
आई, आता कोणाच्या घरी असतो गं तो?
घरी कुठं, म्हटलं. मिलमध्ये आहे.

तरी एक पाहायचं होतं.
मी उठले अन् मेन स्विच पाडला.
पट्टा लटपटत, लटपटत थांबला,
हमाल बाहेरून ओरडले,
उन्हाच्या तिरिपीतला कोंडा हळूहळू खाली बसू लागला.
पांढऱ्या डब्याचे तिन्ही हिरवे डोळे मिटले.
जुना रिसीव्हर कानाला लावला:
ऊंऽऽऽ
जसं काही झालंच नाही.

रोशन हसला. काकू, ते बी आपोआप नाही होत.
तिकडं एक्सचेंजात बॅटरी आहे, ते पाठवते करंट.
दसरूमामाले विचारा.

विचारलं.
लाइनमन दसरू गेडाम, रिटायर व्हायला चार महिने.
आधी खोकला आला, मग तो.
बाई, मीच सांगणार होतो.
सव्वादोनशे लाइनी पाह्यल्या म्या इथं. आता तुमची अन् पोस्टाची.
पोस्टानं मागच्या महिन्यात डबा लावला.
लाइन गेली का रातच्याले मी जनरेटर ओढतो,
डिझेल असलं तर.
घ्या जी डबा. गुडघे नाही म्हणतात आता.

इतकी वर्षं मला वाटायचं
तारेला स्वतःचाच जीव आहे.

मेन वर केला. पट्टा धरला.
रोशननं डब्याच्या तात्पुरत्या नंबरावरून जुन्याला लावला,
काळा फोन वाजला,
मी दोन्ही उचलले, एक ह्या कानाला, एक त्या,
हॅलो म्हटलं.
माझाच हॅलो थोडा उशिरा आला,
कुठून तरी लांबून,
बाहेर चपला काढून आत यावा तसा.
पण स्वच्छ होता. पाखडलेला.

फॉर्मवर एक रकाना होता:
जुने कनेक्शन बंद करण्याचे कारण.
मी लिहिलं, गुडघे.
मग खोडलं, अन् तिथं नुसती सही केली,
जिथं सही करायची नव्हती.
रोशन म्हणाला, चालते.

तो वायरला खिळे ठोकत होता भिंतीवर,
त्या निळ्या पाचाच्या शेपटाजवळून.
मी विचारलं,
बाबू, रात्रभर पुरेल अशी बॅटरी
केवढ्याला येते?