हरणाचा कान

सोहारच्या बाहेर, हायवेला लागून
एक दुकान आहे, छप्पर नसलेलं.
तिथे सिमेंटची जनावरं भर उन्हात गिऱ्हाइकाची वाट बघतात:
नऊ बगळे, एकाच साच्यातले, एकाच दिशेला मान वळवलेले,
एक सिंह, अगदी आमच्या शाळेच्या हेडक्लार्कच्या तोंडवळ्याचा,
आणि पऱ्या, ज्यांना पंखांपेक्षा पदराची काळजी जास्त.

दुकानदार कुन्हंबू, कण्णूरचा. हिंदी माझ्याहून वाईट,
हिशेब माझ्याहून चोख.
मी म्हटलं, बगळा कितीला?
म्हणाला, बगळा एकटा राहत नाही मॅडम, जोडी घ्या.
मी एकच घेतला.
मग एक हरीण, डावा कान तुटलेलं, म्हणून दीड रियाल कमी,
आणि बहलाच्या मातीचा रांजण,
ज्यात पाणी भरायचं नव्हतं, नुसतं रिकामं दिसायचं होतं.

अच्युत म्हणाला, कॉन्ट्रॅक्ट अडीच वर्षांचं उरलंय,
त्यात हरीण?
मी म्हटलं, त्याचंही तेवढंच समज.

बाग म्हणजे काय, तर कंपनीच्या क्वार्टरमागचा
चौदा बाय वीस फुटांचा वाळूचा तुकडा,
एक कडुनिंब, कुंपण गिळून बसलेली बोगनवेल,
आणि तुळस, जी दोनदा लावली, दोनदा जुलैने नेली.
तिसऱ्यांदा मी तिला त्रास दिला नाही.

मांडणी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून केली.
म्हणजे अच्युत बाहेर घामाने निथळत,
मी आत, काचेवर बोट टेकवून:
डावीकडे. अजून. एवढं नको. बगळा जरा तिरका.
शेवटी सगळं बसलं. ओट्याशी उभं राहिलं की
गॅसच्या वर हरीण, नळाच्या वर बगळा,
आणि मधे भांडी घासताना पुरेल एवढी रिकामी वाळू.

दुसऱ्या दिवशी बगळ्याने पाठ फिरवली होती.

पाच क्वार्टरांत मिळून एक माळी,
रुहुल, नोआखालीचा, उजाडता उजाडता येतो.
मी बगळा सरळ केला. त्याने परत फिरवला.
रांजण तीन हात सरकवला.
हरीण तर पार भिंतीच्या कोपऱ्यात.
पाइप ओढायला अडत असेल, मी म्हटलं, स्वतःलाच.
फेब्रुवारीपासून मेपर्यंत हे चाललं.
आम्ही दोघं त्याबद्दल अवाक्षर बोललो नाही.

ऑगस्टात काच बाहेरून घाम धरते.
बगळा आहे की पाइप, कळत नाही.
एका पहाटे लाइट गेली, एसी थांबला,
मी दार उघडून बाहेर आले आणि टेकायला म्हणून
नळाशेजारच्या त्याच्या उपड्या बादलीवर बसले.

बगळा माझ्याकडे बघत होता.
रांजण कडुनिंबाखाली, आत चार बोटं पाणी,
काठावर साळुंकी, मला बघूनही न उडालेली.
हरीण कोपऱ्यात नव्हतंच,
ते बोगनवेलीतून नुकतं बाहेर पाऊल टाकत होतं,
तुटका कान पानांत.

या घरात बागेत बसणारं माणूस एकच,
तेही आळं भरेपर्यंतची दहा मिनिटं.

फाटक वाजलं. मी उठले.
रुहुल म्हणाला, बैठिये बैठिये.
मी म्हटलं, नाही, तुझी आहे.
बादलीबद्दल म्हणत होते मी.

पुढच्या आठवड्यात त्याने पांढऱ्या सिमेंटचा कान लावला,
बोटांनी घडवलेला, जरा लांबच,
सशाला शोभेल असा.
तपकिरी रंगाचा डबा माझ्याकडे होता. मी काढला नाही.
अच्युत म्हणतो, हे आता हरीण राहिलं नाही.

ओट्याशी उभं राहिलं की तेवढा कान दिसतो,
पानांतून वर आलेला.
भांडी घासताना मी नळ जरा बारीक करते.