वीतभर, बोटभर

पाणी पाचव्या दिवशी येतं, पहाटे तीनला,
आणि मोटार लावायचं काम माझं.
गेल्या खेपेला हातानेच गजर बंद केला,
मला न विचारता.
पुढचे पाच दिवस आई गुंडेटींकडून
घागर घागर आणत होती, विड्यांचं सूप बाजूला सारून.
ओरडली नाही. तेच लागलं.

विज्ञानाची वही उघडली की
मी आधी पेनाचं टोपण शोधते,
मग फोन, मग "पाचच मिनिटं".
माझी पाच मिनिटं
अशोक चौकात जातात, परत येत नाहीत.

नान्ना मागावर उभे राहून बोलतात,
चहाही पितात.
टॉवेलच्या एवढ्या धाग्यांतला एक तुटला
की हात आपोआप खटक्यावर.
"दिसतो कसा?"
"दिसत नाही गं. आधी वीतभर विणून झाल्यावर कळायचं.
मग बोटभर. मग..."
पुढचं खटखटीत बुडालं.

आज वहीच्या मागच्या पानावर:
४.१० उठले. कशासाठी, माहीत नाही.
४.२५ पुन्हा. टोपण हातातच होतं.
४.४० उठणार आहे, हे कळलं.

म्हणून बसून राहिले असं नाही.
उठलेच. पाणी प्यायले.
पण कळलं होतं,
बोटभर आधी.

गजर आता जिन्याखाली ठेवलाय,
मोटारीच्या बटणाशेजारी.
पहाटे तीनची जी मी असते
तिला मी थोडी ओळखायला लागलेय.
तिचा भरवसा नाही.
तिच्यासाठी चपलासुद्धा
दाराशी सुलट्या मांडून ठेवल्यात.