बुडाला लागत होतं

आमच्या घरातलं एक पातेलं बाल्कनीत राहतं.
वॉशिंग मशीनच्या मागे, पालथं,
वर एक वीट. मांजर येतं म्हणून.
जर्मनचं, जाड बुडाचं,
बोहरी आळीत वजनावर घेतलेलं,
लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात,
जेव्हा ठरलं की मी खायला हरकत नाही,
फक्त ह्याच्यात.
त्याचा झारा वेगळा. घासणी वेगळी, हिरवी.
कोणी भांडलं नव्हतं.
भांडले असते तर मला निदान
काय बोलायचं ते सुचलं असतं.

आज बुधवार. श्रीरंगची सेकंड शिफ्ट,
चाकणहून यायला पावणेबारा.
कृत्तिकाचं शाळेतून आल्यापासून एकच,
"पास्ता कर. पांढरा नको, खिम्याचा."
वारज्याच्या पुलापलीकडे मुनाफभाई
खिमा मशीनमधून दोनदा काढतात, न सांगता.
वर विचारतात, "सासरे बरे आहेत?"
त्यांनी सासऱ्यांना कधी पाहिलेलं नाही.

तेल. कांदा, लालसर होईपर्यंत नाही, नुसता घाम फुटेपर्यंत.
लसूण ठेचून. खिमा सुटा व्हायला वेळ घेतो,
गठ्ठ्यागठ्ठ्यानं हटून बसतो,
त्याला झाऱ्याच्या कडेनं समजवावं लागतं.
चार टोमॅटो, किसून.
पिझ्झाबरोबर येतात त्या ओरेगॅनोच्या पुड्या
ड्रॉवरमध्ये साठल्यात, त्यातल्या तीन.
आणि एक चमचा गडहिंग्लजचा कांदा-लसूण मसाला,
कारण मी माझ्या आईची मुलगी आहे.
मग पाणी, आणि पास्ता तसाच, कोरडा, त्यातच.
उकडून गाळायचं नाही. दुसरं भांडं नाही.
ह्या पदार्थाचा सगळा मोठेपणा एवढाच,
की सगळं एकाच पातेल्यात.

तेवढ्यात खालून वॉचमनचा फोन.
टँकर आलाय. सोसायटीची सेक्रेटरी मीच.
टँकरवाला म्हणतो दहा हजार लिटर,
मी म्हणते पाइप काढ, वर चढून बघते.
चढले. बघितलं. सही केली.
मग आठवलं.
लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यापर्यंत
मी मनात दोनदा पातेलं घासलं,
एकदा फेकून दिलं.

दार उघडं होतं.
ओट्यापाशी मामंजी.
बंडी, पायजमा, तोंड खिडकीकडे वळवलेलं,
आणि हातात तो झारा,
दांड्याच्या अगदी टोकाला, दोन बोटांत,
जणू दुसऱ्या कुणाचा भिजलेला रुमाल.
पण ढवळत होते बरोबर.
तळापासून, कडेनं फिरवून, पिठलं घोटतात तसं.

"बुडाला लागत होतं," म्हणाले.
मी काहीच म्हटलं नाही.
"गॅस बारीक केलाय. पाणी वाटीभर घातलं, गरम."
झारा माझ्याकडे दिला.
मग थांबून,
"ह्या नळ्या आधी उकडायच्या नसतात का?"
"नाही. ह्यातच शिजतात."
"असं," म्हणाले,
आणि हात धुवायला गेले.
नळ बराच वेळ चालू होता.
मी टँकरचं पाणी मोजून आलेली बाई,
तरी काही बोलले नाही.

कृत्तिकानं दोनदा घेतलं.
मामंजींनी आपला मेतकूट-भात घेतला,
नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या वेळी,
ताटाभोवती पाणी फिरवून.
हवामानाविषयी बोलणं झालं. ते बरं असतं.

पावणेबाराला श्रीरंग उभ्याउभ्याच
पातेल्यातली खरवड काढून खात होता.
"थोडं लागलंय का गं?"
"थोडं," मी म्हटलं. "वाचलं."
कुणामुळे ते सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर त्यानं सकाळी
वडिलांना विचारलं असतं, हसत,
आणि ते पुन्हा खिडकीकडे बघू लागले असते.

पातेलं घासलं, हिरव्या घासणीनं.
बाल्कनीत पालथं घातलं. वर वीट.
झारा मात्र सापडेना.
सकाळी दिसला, चहाच्या गाळणीशेजारी,
बाकीच्या झाऱ्यांच्या स्टँडमध्ये,
कोरडा, पुसलेला.
चुकून की कसं,
ते मी विचारलेलं नाही.