चूक

भावकूच्या वहीत होतं : मी बाजारला जातो.
मी तांबड्या शाईनं ‘तो’ खोडला,
वर ‘ते’ लिहिलं.
नाशिकहून लग्न होऊन नंदगडला आले तेव्हा
भांड्यांबरोबर व्याकरणही आणलं होतं.

पोरगी अक्षराकडं बघत राहिली.
“बाई, जाते म्हंजे दळायचं न्हवं?
ते आमच्या सोप्यात हाय की.”
वर्ग हसला. मीही, जरा उशिरानं.

संध्याकाळी तिची आई आली, कमरेवर मिरच्यांची बुट्टी.
“मी सांगतो की तिला.”
पलीकडून जाऊ ओरडली, “थांब, मी बी येतो.”
मागनं म्हातारी, आधी कन्नडात काहीतरी,
मग, “मी बसतो हितंच.”
कट्ट्यावर पानतंबाखू चालली होती.
एकाही गड्यानं मान वळवली नाही.
तिघी बायका,
आणि त्या ‘तो’त कुणालाच दाटी होत नव्हती.

वह्या अजून तपासते.
परीक्षेपुरतं ‘ते’ लिहा, सांगते,
पेपर कुणाच्या हाती पडेल कुणास ठाऊक.

काल आईचा फोन. बोलणं संपवताना
तोंडातून गेलं, “हां, ठेवतो की.”
पलीकडे नाशिक गप्प.
मग आईनं विचारलं,
“कोण बोलतंय?”