लोखंडाचा ढीग

माझे आजोबा, अथमानी बिन कोम्बो,
न्गोमेनीच्या किनाऱ्यावरून परक्या इंजिनियरांना
समुद्रात रोवलेल्या लोखंडी चौथऱ्यावर सोडत.
भाडं रोख. चहा वेगळा.
सत्तर सालच्या डिसेंबरात, स्वातंत्र्याच्या दिवशी,
तिथून अग्निबाण सुटला.
त्यांनी मान वर करून पाहिलं,
मग जाळं ओढायला घेतलं.

आत्ता कुठे विचारतात, "मेजुमा, काय गेलं होतं गं वर?"
डोळा, मी म्हणते.
हवेत अडून राहतो तो उजेड बघणारा.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
लॅपटॉपवरचा आलेख दाखवून उपयोग नाही.
म्हणून पालथ्या होडीवर बोटानं ठोकते:
टक्.
पावणेपाच सेकंद, वर थोडं.
टक्.
"एवढ्यात माझं एक वल्हं होतं,
भरती अंगावर असताना."

तो तारा, सांगते, इथून मालिंदीला जाता जाता
वाटेतच संपेल एवढा. पण वजनाला सूर्यापेक्षा भारी.
शेजारी एक धिप्पाड तारा, त्याला ओरबाडून खातो.
खाल्लेलं अंगावर आदळतं, तापतं, तेच आपल्याला दिसतं.
आणि खाईल तसा गरगर वाढते त्याची.
"माझं उलट," आजोबा म्हणतात, "जेवलो की आडवा."

मग नैरोबीत रात्र रात्र काय करते, ते.
आलेला उजेड निवडते, आजी मासळी निवडायची तसा:
कुठल्या वजनाचे किती.
बारीक खूप, मोठे कमी, उतरत जाणारी रास,
आणि मध्येच एका वजनाचा ढीग, उगाच उंच.
"तो कशाचा?"
लोखंडाचा.

आजोबा गप्प.
तळवा तळव्यावर चोळतात.
त्या चौथऱ्याच्या शिडीचा गंज
तीस वर्षं निघाला नव्हता म्हणे हातांचा,
जेवणाला वास यायचा.
"तिथंही," म्हणतात. प्रश्न नाही, नुसतंच.

माझं बोट थांबतं.
"का गं?"
तो शेजाऱ्याच्या मागे गेला.
दर दोन दिवसांनी जातो, अर्धा दिवस दिसत नाही.
"मग त्यात काय," चटईवर कूस बदलत ते म्हणतात,
"ओहोटीला कोण होडी काढतं?
आला की उठव."