डावीकडचा आवाज

म्हापशाला, करासवाड्याच्या वळणावर
सेवेरिनच्या दुकानात गाडी उभी,
चारही दारांची कातडी सोललेली.
आत वायरी, शिगा, गंजाचे ठिपके
आणि कंपनीने दिलेला स्पीकर:
कागदी, वाटीएवढा, काठाला फाटलेला.
चुंबक बघा पात्रांव, म्हणाला,
सुपारीएवढा. ह्यातून काय गाणं येणार?
बारा वर्षं आलं की, मी म्हटलं.
तो हसला. डॉक्टर हसतात तसा.

मग दारांच्या पोटात डांबरी पत्रे चिकटवत गेला,
हळदीच्या पानावर पातोळ्यांचं पीठ पसरावं तसे,
कडेपर्यंत, कुठे बुडबुडा न ठेवता.
वरून टिचकी मारली.
आधी डबा वाजायचा,
आता दार पिकल्या फणसासारखं बोललं. ठप्प.
तेवीस हजार, मजुरी वेगळी.
शालनला मी अकरा सांगितले आहेत.

शेवटी लॅपटॉप मांडीवर घेऊन तो शेजारी बसला.
उजवा स्पीकर तुमच्या गुडघ्याशी, डावा पलीकडे,
जवळच्याचा आवाज आधी पोचतो,
म्हणून जवळच्याला जरा थांबवायचं,
सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले दोन.
मग सगळे एकदम येतात
आणि गाणारी बाई समोर, काचेच्या मधोमध उभी राहते.
डोळे मिटा. दिसली?

नाही दिसली.
त्याने आकडे फिरवले. आता?
आता बॉनेटवर असेल, म्हटलं, मला नाही दिसत.
तेव्हा सांगावं लागलं
की उजवा कान माझा फेरीबोटीत राहिला.
सत्तावीस वर्षं, रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर,
खाली इंजिनापाशी.
स्टूल त्या बाजूलाच ठोकून बसवलेलं होतं.
लोक म्हणतात, काय मजा, जन्मभर पाण्यावर.
पाणी मी क्वचितच बघितलं.

त्याच्या लॅपटॉपने दोन कानांचा माणूस धरला होता.
थोडा वेळ तो बोटं मोडत बसला.
मग सगळं डावीकडे आणू? डाव्या दाराला जोर देऊ?
नको, मी म्हटलं,
एवढ्या मोठ्याने की शेजारच्या पंक्चरवाल्याने
ट्यूब पाण्यात तशीच धरून मान वर केली.

डावीकडे शालन बसते.
पुढे गुरं आहेत. पाव राहिले घ्यायचे.
दयानंदाच्या धाकटीचं मोडलं म्हणे.
एवढा एकच रस्ता आहे तिच्या बोलण्याला माझ्यापर्यंत.
स्कूटर होती तेव्हा ती मागे बसायची,
वारा, वर हेल्मेट,
मी नुसता हूं हूं करत राहायचो
आणि तिला वाटायचं, ह्यांना पटतंय.
त्या हूंमधून घराची एक भिंत पाडली गेली,
आणि भाच्याला चाळीस हजार उसने गेले.
गाडी घेतली ती गाण्यासाठी नाहीच.

तर डावं दार हळू ठेव, म्हटलं.
सेवेरिन काही बोलला नाही.
आकडा खाली खाली आणत गेला,
बाळाला पाळण्यात ठेवताना हात काढून घ्यावा तसा.

संध्याकाळी शुक्रवारच्या बाजारातून
मिरच्या, सुकं बांगडं आणि दोन झाडू घेऊन शालन आली.
पोंबुर्फ्याच्या धक्क्यावर गाडी फेरीत चढवली.
काचा वर. गाणं चालू.
बाई कुठे उभी होती देव जाणे.
बाहेरचं इंजिन दारांच्या पत्र्यांनी बाहेरच ठेवलं होतं,
पण सीटमधून, कण्यातून, तळव्यांतून
तिसऱ्या सिलिंडरचा ठोका वर येत होता,
जरासा उशिरा, लंगडत.
इंजेक्टर गेला, मी म्हटलं.

काय गेलं?

मी गाणं बंद केलं.
तिने झाडू मागच्या सीटवर टाकले,
नव्या जाळीवरून एकदा बोट फिरवलं.
खरं सांगा, म्हणाली, किती पडले?

हूं, मी म्हटलं.