शिडी

ऐरोली, सेक्टर आठ. रात्रीचा दीड.
सातवं यान चंद्रावर टेकलं, चक्क उभं!
पहिल्याची छत्री उड्डाणालाच उघडली होती,
चौथ्यात इंधन ठासून भरलं
आणि इंजिन विसरलो.

अंतराळवीराला नाव सोसायटीच्या सेक्रेटरींचं:
मोकाशी.
उतरले. झेंडा रोवला. दोन उड्या मारल्या.
परत चढायला गेले तर
शिडीच नाही.

ओजस हसता हसता खुर्चीतून पडला.
"थकबाकी भरा म्हणावं आधी."

सकाळी लिफ्ट बंद.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खरे मोकाशी,
हातात दुधाची पिशवी, छातीचा भाता झालेला.
"अजून पाच राहिलेत रे," म्हणाले.

पिशवी मी घेतली. हळूहळू चढलो.

दारातूनच ओजसला मेसेज टाकला:
आज आठवं.
एक सीट रिकामी ठेव.
आणि शिडी आधी लाव.